दांडीला बांधलेली मौली

नरहर बोरकुटे एका जागी बसत नाही. जेवतो तेही स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून, ताट हातात धरून. रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या त्याच्या दोन खोल्यांच्या घरात विजयाने, म्हणजे त्याच्या बायकोने, खास त्याच्यासाठी घेतलेली वेताची खुर्ची आहे. तिच्यावर आता इस्त्रीला द्यायचे कपडे असतात. रविवारी तो सदर बाजारात जातो, दुचाक्यांच्या गर्दीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो आणि काही न घेता परत येतो. घरातून निघताना गॅसचं बटण तीनदा बघतो. हात रिकामा असला की उजव्या हाताचं पहिलं बोट आपसूक हलत राहतं, हवेत काहीतरी दाबल्यासारखं.

"पायाला भिंगरी लागली का तुमच्या?" विजया विचारायची. आता विचारत नाही.

कंपनीला मात्र त्याची ही तगमग फार आवडायची. नव्या रायपुरात उंचावर काम करायची मशिनं चालवणारे जेवढे लोक आहेत, त्यांत नरहरइतका सावध माणूस नाही, असं त्याचे सुपरवायझर शामराव सगळ्यांना सांगत. सकाळी मशीनला हात लावण्याआधी तो त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारणार. चाकं बघणार, तेल कुठे गळतं का ते खाली वाकून बघणार, पिंजऱ्याचं दार ओढून बघणार, लाल बटण दाबून मशीन खरंच बंद पडतं का ते बघणार. जिथे मशीन उभं करायचं तिथली जमीन पायाने ठोकून, मग सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आपटून बघणार. नव्या रायपुरात रस्ते रुंद आणि हिरवळ आखीव असली तरी खाली जागोजागी केबलचे चर आहेत, वरवर बुजवलेले. चाक तिथे बसलं तर वर चौदा मीटरवर उभ्या माणसाला ते खालच्यापेक्षा फार आधी कळतं. मार्चमधल्या सुरक्षा सप्ताहात कंपनीने त्याला दोनदा प्रमाणपत्र दिलं. दोन्ही वेळा स्टेजवर जाऊन ते घेताना त्याला दरदरून घाम आला होता. लोकांना वाटलं, लाजला.

नरहरचे वडील बाबाराव तुमसरकडून आले, रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर म्हणून. नरहर रायपुरातच जन्मला. दहावीला शाळा सुटली आणि तो रंगाऱ्यांच्या टोळीत शिरला. सदर बाजारातल्या सोनारांच्या, कापडवाल्यांच्या दुकानांची तोंडं रंगवायची. त्यासाठी बांबू उभे करून काथ्याने परांची बांधायची आणि वर फळी टाकायची. फळीच्या एका टोकाला नरहर असला की दुसऱ्या टोकाला लहानू शेंडे. लहानू बुढापाऱ्यातला, नरहरपेक्षा दोन वर्षांनी मोठा, जाडजूड आणि बडबड्या. एकाने पाय हलवला की दुसऱ्याला फळीतून कळायचं. पंधरा वर्षं असं गेलं.

मग वेगळं राज्य झालं, आणि काही वर्षांनी शहराच्या आग्नेयेला राजधानी, म्हणजे नवं रायपूर, उभी राहू लागली. काचेच्या इमारतींना बांबू चालत नाहीत. भाड्याने मशिनं देणारी एक कंपनी आली. तिला उंचीची भीती नसलेली माणसं हवी होती. शामराव तात्यापाऱ्यातलेच, भोसल्यांच्या काळापासून रायपुरात असलेल्या घरातले. त्यांनी दोघांना ओळखीवर घेतलं. तीन दिवसांचं शिक्षण झालं. कार्डं मिळाली.

मशीनला साइटवर सगळे कैची म्हणतात. एकात एक अडकलेल्या लोखंडी पट्ट्या उघडत जातात आणि वरचा पिंजरा सरळ वर चढतो. पिंजऱ्यात कठड्याला एक छोटी पेटी असते, तिच्यावर एक दांडी. दांडी ढकलली की मशीन वर जातं किंवा पुढे सरकतं. पण नुसती ढकलून काही होत नाही. दांडीच्या अंगाला बंदुकीला असतो तसा एक चाप असतो. चाप दाबून धरला असेल तरच दांडीचं मशीन ऐकतं. बोट सुटलं की जागच्या जागी थांबतं. म्हणजे कोणाचा कोपर चुकून दांडीला लागला, पिशवी अडकली, तरी काही व्हायचं नाही. सगळी सुरक्षा त्या एका बोटात.

आणि बोट दुखतं. दिवसभरात चाप शेकडो वेळा दाबावा लागतो. संध्याकाळी ते बोट वळत नाही, भाकरी मोडता येत नाही. म्हणून काही चालक चापाला टेप गुंडाळतात, काही तार. चाप कायमचा दाबलेला राहतो, बोट मोकळं. हे करायचं नाही असं पहिल्याच दिवशी शिकवतात. हे कसं करायचं ते दुसऱ्या दिवशी जुने लोक शिकवतात.

२०१४ च्या नोव्हेंबरात एका सरकारी इमारतीच्या छताखाली काम चाललं होतं. नरहर दांडीवर आणि लहानू बाजूला, वर तोंड करून केबलसाठी पत्र्याची नळी कसत होता. लहानूच्या डोक्यामागे, हातभर वर, लोखंडी तुळई. नरहरने त्या सकाळी बाइंडिंगच्या तारेने चाप आवळला होता. नटांची पिशवी खाली पडली. ती उचलायला नरहर वाकला आणि उठताना त्याचा खांदा दांडीला लागला.

मशीन वर गेलं. फार नाही, हात-दीड हात. पण तेवढीच जागा होती. लहानूची पाठ तुळईला लागली आणि छाती कठड्यावर दाबली गेली. तो ओरडला नाही. ओरडायला छातीत हवा लागते. नरहरने लाल बटण दाबलं. खालच्या माणसाने खालच्या पॅनेलवरून पिंजरा उतरवला. तो उतरत असताना, लहानू कठड्यावर ओणवा लोंबकळत असताना, नरहरने चापावरची तार सोडवली आणि पँटच्या खिशात टाकली. सगळं मिळून वीस सेकंद लागले असतील.

चौकशी झाली. कागदावर आलं की कामगार कठड्याबाहेर वाकला होता, बेपर्वाई त्याचीच. दवाखान्यात लहानूला विचारलं तेव्हा त्याला नेमकं काही आठवत नव्हतं. वर बघून काम करताना थोडं वाकलो असेन, तो म्हणाला. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, वाकलो होतो. महिन्याभराने तो ते स्वतःहून सांगायला लागला.

बरगड्या जुळल्या. डावा पाय पूर्ण आला नाही. कंपनीने त्याला काढलं नाही, खाली ठेवलं. मशीनभोवती पट्टी बांधायची, लोकांना लांब ठेवायचं, खालच्या पॅनेलपाशी उभं राहायचं. आणि आणखी एक काम. रोज सकाळी आठला साइटवर सेफ्टी मीटिंग असते. सगळे हेल्मेट घालून गोल उभे राहतात. तिथे लहानूने आपली गोष्ट सांगायची.

नऊ वर्षं तो ती सांगत होता. सुरुवातीला दोन वाक्यांत संपायची. मग तिच्यात रंग भरत गेला. "भाऊ हो, देवानं मान वाकवाले देली, कंबर वाकवाले देली, मी म्हटलं दोन्ही एकदम वापरून पाहू!" लोक हसायचे. "माह्याकडं पाहा अन् वाकू नका. बस. बाकी मशीन चांगली हाय, चालवनारा चांगला हाय, खराब होतो तो मीच." हे म्हणताना तो काठीने नरहरकडे दाखवायचा, कौतुकाने. नरहर त्या वेळी मशीनभोवती दुसरी फेरी मारत असायचा.

* * *

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली. त्या दिवशी रायपूर-भिलाईच्या पट्ट्यात कोणी हत्याराला हात लावत नाही. हत्यारं धुवायची, पुसायची, त्यांना हळद-कुंकू वाहायचं. कंपनीची तीन कैची मशिनं तेव्हा नव्या रायपुरातल्या एका मोठ्या सभागृहात होती. चौथ्या दिवशी तिथे सरकारी कार्यक्रम होता आणि छतातले धूर ओळखणारे डबे, दिवे, वायरी अजून लटकत होत्या. तरी पूजेच्या दिवशी काम बंद म्हणजे बंद.

पूजा दरवर्षी शामराव करतात. सत्तरीला आलेले, शुभ्र धोतर, कपाळाला गंध. पूजेची मौली, म्हणजे लाल-पिवळा सुती दोरा, ते स्वतःच्या हाताने बांधतात. दरवर्षी कठड्याला बांधत. या वर्षी कठड्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, जागा नव्हती. शामरावांनी क्षणभर विचार केला.

"माणसाच्या मनगटाला बांधतो ना आपण? मशीनचा हात हाच," ते म्हणाले, आणि तिन्ही मशिनांच्या दांड्यांना त्यांनी मौलीचे सात-सात वेढे दिले, नीट आवळून, वर गाठ मारली. मग नारळ फोडला आणि पाणी शिंपडलं.

नरहर प्रसादाच्या रांगेत होता. त्याने हे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्याने आपल्या मशीनच्या दांडीला हात घातला आणि बोट चापावर गेलंच नाही. तिथे चाप नव्हता, दोरा होता. सात वेढ्यांखाली चाप दांडीला घट्ट चिकटलेला. त्याने नखाने वेढा सरकवून पाहिला. सुती दोरा नारळाच्या पाण्याने भिजून वाळताना आणखी आवळला होता. हलेना. गाठही फुगून दगड झाली होती.

त्याने हात काढून घेतला. पिंजऱ्यातून उतरला. परत चढला. परत उतरला.

नव्या मशिनांत चाप फार वेळ दाबलेला राहिला तर यंत्र ते ओळखतं आणि हालचाल बंद करतं. ही तिन्ही मशिनं जुनी होती. त्यांना बोटातला आणि दोऱ्यातला फरक कळत नव्हता.

शेजारच्या मशीनवर शेखर चढलेला होता, चार वर्षांपासून चालक, हाताने चांगला. त्याच्याबरोबर देवश्री, आयटीआय केलेली इलेक्ट्रिशियन, कमरेला पक्कड-टेस्टरचा पट्टा. ती छतातले डबे जोडणार होती. म्हणजे वर बघून काम करणार होती, आणि डोक्यामागे तुळई असणार होती.

"शेखर, उतर. चाप पाहिला का तुह्या दांडीचा?"

"पाहिला ना," शेखर खुशीत म्हणाला. "बढिया झालं दादा. पहिल्यांदा देवानं बोटाचा विचार केला."

"कापून टाक ते."

"मी? मौली? कालची?" शेखरने कानाला हात लावला. "माही माय मले घरात घेनार नाही. आपोआप तुटू दे."

देवश्रीला मराठी समजतं, ती उत्तर हिंदीत देते. "भैया, मौली काटते नहीं हैं. अपशगुन होता है. और मैं झुकूँगी नहीं, आप टेंशन मत लो."

"वाकायचा प्रश्न नाही हाय, पोरी."

"लहानू काका रोज यही तो बताते हैं. झुके, इसलिए दबे. मैं सीधी खड़ी रहूँगी."

नरहरचं बोट हलत होतं, ते त्याने मुठीत धरलं.

तो शामरावांकडे गेला. ते टेबलाशी उभे राहून दिवसाचा कागद वाचत होते.

"काका, मौली कापावी लागते. तिन्ही मशिनांची."

शामरावांनी चष्मा काढला. "काय म्हणालास?"

"चाप दबून गेला तिच्याखाली."

"मग वर सरकव."

"सरकत नाही."

"नरहर, काल पूजा केली आणि आज कापू? तीन दिवसांवर कार्यक्रम आहे. सगळे लोक पाहताहेत. या पोरांच्या मनात एकदा वाईट आलं की वर गेल्यावर हात थरथरतात. त्यापेक्षा मोठा धोका कुठला?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि चापाचं मला सांगू नकोस. तुम्ही लोक टेप लावता, मला काय दिसत नाही? इतक्या वर्षांत चापाने कोणाचं काही झालंय? झालं ते लहानूचं, ते वाकण्याने. तू हळू चालव. तू असताना मला काळजी नाही."

आपल्या एका मशीनची मौली गुपचूप कापणं नरहरला सोपं होतं. खिशात कटर होता. पण मशिनं तीन होती, आणि तिन्ही ठिकाणी उत्तर एकच मिळणार होतं: लहानू वाकला म्हणून दबला. ते उत्तर खोटं पाडणारी तार त्याने स्वतःच नऊ वर्षांपूर्वी खिशात घालून साइटबाहेर नेली होती आणि बाकी सगळं लहानूने रोज सकाळी पाठ करून घेतलं होतं.

आठ वाजले. लोक गोल उभे राहिले, तीस-पस्तीस जण. लहानू काठी टेकत मध्ये आला.

"तर भाऊ हो," त्याने सुरू केलं, "काल पूजा झाली, आज पोट भरलेलं हाय, म्हनून जास्त वाकता बी येत नाही..."

लोक हसले.

"लहानू, थांब," नरहर म्हणाला.

"काहून बे? आज तू सांगतं का?"

"हव."

लहानू हसून बाजूला झाला. त्याला वाटलं, काहीतरी गंमत आहे. नरहर गोलाच्या मध्ये गेला, पण तिथेही त्याला उभं राहता येईना. तो दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे करत बोलला.

"लहानू वाकला नव्हता. तो सरळ उभा होता. मी चाप तारेनं बांधला होता, माहं बोट दुखे म्हनून. माहा खांदा दांडीले लागला अन् मशीन वर गेली. तार मी काढून खिशात टाकली. चौकशीत सांगितलं नाही. आज तिन्ही मशिनांचा चाप तसाच बांधलेला हाय. तारेनं बांधा का मौलीनं, मशीनले फरक नाही. बस, एवढंच."

कोणीतरी हेल्मेट काढलं आणि परत घातलं. मागून एकजण पुटपुटला, "क्या बोला?" आणि शेजाऱ्याने त्याला हिंदीत सांगितलं, तेव्हा तेच सगळं पुन्हा एकदा, हळू आवाजात, सगळ्यांना ऐकू आलं.

देवश्री आपल्या मशीनच्या शिडीपाशी उभी होती. तिने वर तुळईकडे पाहिलं, मग कमरेचा पट्टा सोडून खाली ठेवला. "मैं नहीं चढ़ूँगी," ती म्हणाली. कोणाला उद्देशून नाही, नुसतं.

लहानूचा चेहरा हसराच राहिला होता, तो बदलायला वेळ लागला. मग तो वळला आणि काठी टेकत दाराकडे चालायला लागला. खालच्या पॅनेलच्या तीन चाव्या त्याच्या गळ्यात होत्या. दारापाशी थांबून त्याने त्या काढल्या, पहारेकऱ्याच्या टेबलावर ठेवल्या आणि गेला.

शामरावांनी कटर मागितला. नरहरने दिला. म्हाताऱ्याने एकेका पिंजऱ्यात स्वतः चढून तिन्ही मौल्या कापल्या. तुकडे रुमालात गुंडाळले, खारुन नदीत सोडायला.

"कार्ड दे," ते नरहरला म्हणाले. "वर कळवावं लागेल. किती दिवस, काय, मला माहीत नाही."

नरहरने गळ्यातलं कार्ड काढून दिलं.

"मी तुला ओळखीवर घेतलं होतं," शामराव म्हणाले. "त्यालाही." आणि टेबलावरचा कागद पुन्हा वाचायला लागले.

* * *

नव्या रायपुरातून शहरात यायला दुपारच्या आधी बस फार नसतात. सभागृहाबाहेरच्या स्टॉपवर एकच बाक आहे. त्यावर लहानू बसला होता. समोर सहा पदरी रस्ता, त्यावर मधूनच एखादी मोटार. नरहर स्टॉपपासून वीस पावलं लांब उभा राहिला. मग तिथून हलला, दुभाजकापर्यंत गेला, परत आला. ऊन होतं. स्टॉपचं छप्पर बाकापुरतंच सावली देत होतं.

पाऊण तास झाला.

"तार होती का टेप?" लहानूने रस्त्याकडे पाहत विचारलं.

"तार. बाइंडिंगची."

"हं."

आणखी अर्धा तास गेला. बस आली. लहानू पुढच्या दाराने चढला, कंडक्टरने त्याला हात दिला. नरहर मागच्या दाराने चढला आणि सगळ्या जागा रिकाम्या असताना दांडा धरून उभा राहिला.

घरी विजयाला त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. त्या दिवशी हरतालिका होती. विजयाचा निर्जळी उपास, पाटावर वाळूची पिंड मांडलेली, भोवती पत्री. ती ऐकत राहिली. मध्ये एकदाच म्हणाली, "आणि मी दर दिवाळीला लहानूभाऊंच्या घरी डबा द्यायले जात होती. तुम्ही काहून येत नव्हते, मले वाटे तुम्हाले दुःख होते." मग तिने पिंडीजवळचा दिवा सरळ केला. तो सरळच होता.

नरहर अंगणात गेला, नळ बंद आहे का पाहिला, आत आला, परत गेला. नोकरी जाईल का, पोलिसात जाईल का, हे दोन्ही प्रश्न त्याच्या डोक्यात येत होते आणि दोन्ही त्याला बाजूला सरकवता येत होते. लहानू घरी जाऊन काय बोलला असेल, हे सरकत नव्हतं.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला कांताबाई आली. लहानूची बायको. बुढापारा ते तात्यापारा अंतर थोडंच, पण ती उपाशी होती, ओठ वाळलेले, हिरव्या बांगड्या नव्या. दारातच उभी राहिली.

"या ना, बसा," विजया म्हणाली.

"बसत नाही. पाणीही नको, उपास हाय," कांताबाई म्हणाली. "नरहरभाऊ, हे घरी आले अन् म्हनाले, मी वाकलो नव्हतो. एवढंच. दुपारपासून तेच म्हनून राहिले. मी विचारलं, कोन म्हनते? तं म्हनाले, नरहर म्हनते. खरं का?"

"खरं."

तिने मान हलवली. ओरडली नाही. विजयाला वाटत होतं, ओरडावं.

"नऊ वर्षं," कांताबाई म्हणाली. "पोरीचं लग्न मोडलं तवा मी त्यांले म्हटलं, तुमाले कोनी सांगितलं होतं वाकाले. घर गळे, वर चढता येत नाही, तवा म्हटलं. माह्या सासूनं मरताना म्हटलं, पोरगा येडाच निघाला. मायले काय समजावलं यांनी? हसत होते. म्हनत, हव, येडाच हाय." ती थांबली. "मी उठता-बसता बोलली त्यांले. ते सगळं मी आता कुठं ठेवू, मले सांगा."

नरहरने वेताच्या खुर्चीवरचे कपडे उचलले आणि परत तिथेच ठेवले.

"दुपारी मी म्हटलं, जा, त्याच्या घरी जाऊन भांडा. तं म्हनाले, पाय दुखते." कांताबाईने पदर खोचला. "म्हनून मी आली. तुम्ही चला. साइटवर परक्या लोकांपुढं सांगितलं, ते ठीक. माह्या घरात येऊन सांगा. माहा दीर हाय, जाऊ हाय, शेजारचे हाय. सगळ्यायच्या समोर. पहिल्यापासून."

"आज?" विजया म्हणाली. "तुमची पूजा..."

"पूजा कोनासाठी करते मी?" कांताबाई म्हणाली.

नरहरने पायात चपला सरकवल्या. या वेळी गॅसकडे गेला नाही. विजयाने दिव्यावर जाळीचं झाकण ठेवलं आणि तीही निघाली. तिघं गल्लीतून चालत गेले. उद्याच्या गणपतीसाठी रस्त्यात मूर्तींची दुकानं लागली होती, वाट काढावी लागत होती. कांताबाई पुढे, भराभर.

लहानूच्या ओसरीवर आठ-दहा माणसं जमली होती. कांताबाईने निघताना सांगून ठेवलं असणार. लहानू आत खाटेवर होता, पाय उशीवर. नरहरला पाहून तो बायकोला म्हणाला, "याले काहून आणलं?"

"सांगाले," कांताबाई म्हणाली.

"मले सगळं मालूम हाय."

"मले नाही."

कोणीतरी नरहरकडे स्टूल सरकवलं. तो उभाच राहिला. मग त्याने पाहिलं की उभं राहिलं तर लहानूला मान वर करून बघावं लागतंय. तो बसला. गुडघे हलत होते, त्यांवर हात ठेवले.

"नोव्हेंबर होता," तो म्हणाला. "अकरा तारीख, मंगळवार. सकाळी थंडी होती, बोट वळत नव्हतं, म्हनून मी..."

"बारा," लहानू म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. ज्या माणसाने नऊ वर्षं रोज हीच गोष्ट सांगितली, त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. कांताबाईने पहिल्यांदा ते तसं पाहिलं असावं, कारण ती भिंतीला टेकून खाली बसली.

"बारा तारीख. बुधवार," लहानू म्हणाला. "मंगळवारी आपन त्या मजल्यावर नव्हतोच. बरोबर सांग."

"बारा," नरहर म्हणाला. "बुधवार."

"हं. तार कुठून घेतली?"

"सळ्या बांधनाऱ्यायच्या ढिगातून."

"किती वेढे?"

"तीन."

लहानूने उशीवरचा पाय हाताने धरून थोडा सरकवला.

"पुढं सांग," तो म्हणाला.